पासपोर्ट संपेपर्यंत थांबू नका

ठाण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, निवृत्तीनंतर थायलंडमध्ये राहणाऱ्यांसाठी. त्याचं म्हणणं असं: 'पासपोर्ट शेवटच्या दिवसापर्यंत वापरा. लवकर नवा काढलात तर जुन्यातला व्हिसा रद्द होतो, उरलेले महिने वाया जातात, आणि मुदतवाढ कशीही वर्षाचीच मिळते.'

सगळ्यात घातक शेवटचं वाक्य आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

'मुदतवाढ वर्षाचीच मिळते.' नाही. पन्नास पूर्ण झालेल्या माणसाला तिथे निवृत्तीच्या आधारावर राहण्याची मुदत एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष वाढवून मिळते, पण पासपोर्टच्या मुदतीपलीकडे नाही. पासपोर्टला पाच महिने उरले असतील तर शिक्काही पाच महिन्यांचाच बसतो. फी मात्र तीच, १,९०० बाट.

फीचं एक वेळ सोडा. बँकेत ठेव दाखवून अर्ज करणाऱ्याचे ८ लाख बाट थाई खात्यात अर्जाआधी दोन महिने असावे लागतात. मुदतवाढ मिळाल्यावर आणखी तीन महिने त्यांना हात लावता येत नाही, आणि त्यानंतरही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. वर्षाची मुदत मिळाली तर मधले सात महिने निम्मी रक्कम तरी मोकळी होते. पाच महिन्यांच्या शिक्क्यात सुरुवातीचे तीन आणि पुढच्या अर्जाआधीचे दोन धरले की एकही महिना उरत नाही. आजारपणाला म्हणून ज्यांनी हीच पुंजी धरलेली असते, त्यांचा विचार हा मेसेज पुढे ढकलताना कुणी केला का? आणि तारीख नजरेतून सुटली तर दिवसाला ५०० बाट दंड, २०,००० पर्यंत.

'नवा काढला की व्हिसा रद्द.' रद्द होतो तो जुना पासपोर्ट. तो शिक्का मारून तुम्हाला परत मिळतो आणि त्यातल्या मुदतवाढीची तारीख कायम राहते. दोन्ही पासपोर्ट घेऊन तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात गेलं की नोंदी नव्यात उतरवून देतात. काही ऑफिसांत भारतीय दूतावासाचं पत्रही मागतात. तोवर जुना पासपोर्ट जिवापाड जपा.

खरी मेख वेगळीच आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाही. पासपोर्ट बँकॉकच्या भारतीय दूतावासामार्फतही नवा करता येतो. पण त्यासाठी ठाण्यालाच यायचं, वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम उरकायचं असं ठरलं, तर थायलंड सोडण्याआधी रि-एन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, घ्या. एका फेरीचं १,००० बाट, अनेक फेऱ्यांचं ३,८००. ते न घेता देश सोडलात तर मुदतवाढ तिथेच संपली. मुलांनी 'बाबा, गणपतीला या' म्हटलं की तिकिटाची घाई होते आणि हा कागद राहून जातो.

'उरलेले महिने वाया जातात.' एवढं खरं आहे. जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात मिळवून देत नाहीत. पण मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो आणि नवा पासपोर्ट दहा वर्षांचा मिळतो. इथे ३६ पानी १,५०० रुपयांत, ६० पानी २,००० रुपयांत. दरवर्षी शिक्के पडणाऱ्यांनी ६० पानीच घ्यावा असं माझं मत. जूनमध्ये संपणारा पासपोर्ट आणि त्याआधीच्या जानेवारीत मुदतवाढीचा अर्ज, असं जुळून येत असेल तर नव्या पासपोर्टचा अर्ज दिवाळीआधीच टाका. पोलीस पडताळणीलाही वेळ जातो.

मेसेजखाली काहींनी उलट टोक गाठलंय: सहा महिने उरले नसतील तर मुदतवाढ मिळतच नाही म्हणे. सहा महिन्यांची अट देशात शिरतानाची. आधीच तिथे राहणाऱ्याची मुदतवाढ पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंत मिळते. पाच महिने उरलेला पासपोर्ट घेऊन ठाण्यात आलेल्याला मात्र परतीच्या विमानात चढताना ही अट आडवी येऊ शकते, रि-एन्ट्री परमिट खिशात असलं तरी.