गरजेपोटी बांधलेलं खुराडं

अंड्यावर जीएसटी नाही. जिवंत कोंबडीवरही नाही. पण त्या कोंबडीच्या डोक्यावर रात्री छप्पर असावं असं तुम्हाला वाटलं, तर पत्र्यावर १८ टक्के, जाळीवर १८ टक्के आणि प्लायवुडवर १८ टक्के. म्हणजे कोंबडी ही गरज आणि तिचं घर ही चैन. हार्डवेअरवाल्याने "पक्कं बिल हवंय?" असं विचारलं ते अशा आवाजात, की आयसीयूबाहेर डॉक्टर विचारतात ना, "सोबत घरचं कोणी आहे का?"

आम्ही राबाडेजवळच्या गोठिवलीचे. गावठाणातले, म्हणजे शहर आमच्याकडे आलं, आम्ही शहरात आलो नाही. १९७० साली सिडको झाली, ९५ गावांच्या शेतांवर नवी मुंबई आखली गेली, आणि आमच्या परसात भातशेतीऐवजी भाडेकरूंचं पीक येऊ लागलं. आजीच्या काळात मागच्या दारी खुराडं होतं. तिथे आता दोन खोल्या आहेत, आणि खोल्यांपुढे जी वीतभर जागा उरली तिथे भाडेकरूंच्या मोटरसायकली एकमेकींना टेकून झोपतात. तरी आईच्या डोक्यातून कोंबड्या गेल्या नाहीत. चैत्रात एकवीरेला जायचं असो नाहीतर आषाढातली गटारी, गावठीचा भाव विचारला की ती विकणाऱ्याच्या तोंडाकडे नुसती बघत राहते. यंदा तिने जाहीर केलं की कोंबड्या गच्चीवर पाळायच्या आणि खुराडं पाच हजारांत बसवायचं. पाच हजार हा आकडा बहुधा आजीच्या काळातला असावा.

मी कागदावर नकाशा काढला. आईने चष्मा लावून पाहिला. "कोंबरीच्या घराला नकाशा? आमच्या घराला तरी व्हता का रं?"

नव्हता. पण नकाशाशिवाय फॅब्रिकेशनवाला दर सांगत नाही. त्याने नकाशा आडवा धरला, उभा धरला आणि विचारलं, "किलोवर करू की चौरस फुटावर?" मी म्हटलं, कोंबडीवर करा, पाचच आहेत. तो हसला नाही. लोखंडाच्या भावाने त्याच्या धंद्यातला विनोद केव्हाच संपवलाय. त्याने जो आकडा सांगितला त्यात आईच्या पाच हजारांत खुराड्याचं दार आलं असतं, बिजागरीसकट.

जाळीची तर वेगळीच कथा. षटकोनी भोकांची जी स्वस्त जाळी सगळे कोंबड्यांची जाळी म्हणून विकतात, ती कोंबडी आत ठेवायला ठीक, पण घूस किंवा मांजर बाहेर ठेवायला तिचा उपयोग नाही. त्याला अर्ध्या इंची चौकोनांची वेल्डमेश लागते. तिचा गेज बघावा लागतो, आणि गेजचं गणित सरकारी वाटतं: आकडा वाढला की तार बारीक. मी ऐटीत "बावीस द्या" म्हणालो, तर दुकानदाराने चाळणीला लावावी अशी काहीतरी वस्तू काढली. मग सोळा. सोळाची जाळी बघून मन भरलं, भाव ऐकून भूक मेली.

लाकूड तरी फुकट मिळेल असं मला वाटत होतं, कारण आमच्या आजूबाजूला सगळी एमआयडीसी. मशीन ज्या लाकडी पॅलेटवर येते, ती पॅलेट कंपनीच्या गेटबाहेर पडलेली आम्ही लहानपणापासून पाहिली. होळीला उचलून नेली की वॉचमन आशीर्वाद द्यायचा. आता वॉचमन म्हणाला, "दादा, पॅलेटचं टेंडर निघतं." टेंडर! मग टेंडरवाल्या भंगारवाल्याकडे गेलो, तर तो फोनवर कुणाला तरी लाकडाचा भाव विचारत होता आणि तिकडचा माणूस उद्या वाढेल म्हणून सांगत होता. त्याच्याकडच्या पॅलेटवर शिक्के होते. ज्यावर एचटी असतं ते लाकूड नुसतं तापवलेलं, आणि एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. कोंबड्यांसाठी एचटीच घ्यावं. हे मी त्याला सांगितलं ही गोष्ट खरी, पण त्यानंतर त्याच्या डोळ्यांत एक चमक आली आणि एचटीचा भाव तिथल्या तिथे वेगळा झाला.

अंडी घालायला तेलाचे पंधरा किलोवाले पत्र्याचे डबे हवे होते. भजीवाल्याकडे तेही विकत. पूर्वी भंगार ही एक अवस्था होती, आता तो माल आहे. कुणी काही टाकतच नाही, सगळे भाव यायची वाट बघत ठेवून देतात.

फुकट मिळालं ते एकच, वाढदिवसाचं फ्लेक्स. नवी मुंबईत या कच्च्या मालाचा तुटवडा पडणं अशक्य आहे. पावसाची झड आमच्याकडे पश्चिमेकडून येते, त्या बाजूला ते बांधायचं ठरलं. प्रश्न एवढाच उरला, की साहेबांचा हसरा चेहरा आत ठेवायचा की बाहेर. आई म्हणाली, बाहेर. आत ठेवला तर कोंबड्या अंडं द्यायच्या नाहीत, आणि बाहेर ठेवला तर कावळे येणार नाहीत. पहिल्याबद्दल मला कल्पना नाही, पण कावळे खरंच आलेले नाहीत.

आता सांगाडा. इतकी वर्षं तो आमच्या डोळ्यांसमोर उभा होता. गावठाणातल्या कुठल्याही गच्चीवर जा, चार कोपऱ्यांत कॉलमच्या सळ्या आभाळाकडे बोट दाखवून उभ्या असतात, टोकांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उपड्या घातलेल्या. या सळ्या म्हणजे पुढचा मजला. पैसे आले की, मुलाचं लग्न ठरलं की, गावठाणात परवानगीशिवाय गरजेपोटी बांधलेली घरं सरकारदरबारी नियमित झाली की. आमच्या सळ्यांना गंज चढलाय, माझं लग्न होऊन मुलगी कॉलेजात गेलीय, पण बाबांच्या लेखी तिसरा मजला येत्या दिवाळीनंतर आहे.

"एका कोपऱ्यातल्या सळ्यांना खुराडं बांधतो," मी म्हणालो.

"आणि उद्या मजला चढवायचा झाला तर?"

"तर सोडू."

बराच वेळ ते गप्प बसले. मग अटी आल्या, सिडकोलाही सुचल्या नसत्या अशा. सळी कापायची नाही, वाकवायची नाही, वेल्डिंग करायचं नाही, बाटली काढायची नाही. फक्त बाइंडिंग तारेने बांधायचं. त्यामुळे आमच्या खुराड्याला छताच्या वर चार बाटल्या आहेत आणि ते लांबून देवळासारखं दिसतं.

बांधणीत सांगण्यासारखं फार नाही, पक्कड आणि शिव्या. पत्र्यावर चुना मारला, एप्रिलमध्ये आत भट्टी होऊ नये म्हणून. बसायची काठी डब्यांपेक्षा उंच लावली, कारण कोंबडीला सर्वांत उंच जागी झोपायचं असतं, आणि डबे उंच असतील तर ती डब्यातच झोपून तो घाण करते.

कोंबडा ठेवला नाही. गल्लीत निम्म्या लोकांना अजून पटलेलं नाही की कोंबड्याशिवाय अंडं होतं. होतं, त्यातून पिल्लू होत नाही, एवढंच. खालचे भाडेकरू रात्रपाळीवाले, पहाटे चारला आरवणारा कोण सहन करणार? बाबांनी सरळ नियम सांगितला: "आपण बॅचलर ठेवत नाही."

खर्च ९,००० झाला. रोज तीन अंडी, बाजारातल्या आठ रुपयांनी २४ रुपये, म्हणजे पाचही कोंबड्यांनी ३७५ दिवस दाणा न खाता काम केलं की पैसे वसूल. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, गावठीचं अंडं आठला कुठे मिळतं ते आधी दाखव, मग हिशेब कर. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नाश्त्याला ऑम्लेट होतं.

मग एका रविवारी गावातल्या खोल्या दाखवणाऱ्या एजंटचा बाबांना फोन आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की गच्चीवर नवीन बांधकाम उठलंय, हवेशीर आहे. फॅमिली तयार आहे, भाडं काय घेणार?

"रोज तीन अंडी," बाबा म्हणाले. "याच्यावर देणारा असेल तर पाठव."