अडीच किलोंच्या डोंगरी रायफलीचा दावा आणि त्याला उत्तर

पर्वतातल्या शिकारीसाठी रायफल बनवून घ्यायची म्हटलं की एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सांगणं तेच राहतं: स्कोपसकट (नेम धरायच्या दुर्बिणीसकट) रायफल अडीच किलोच्या आत बसली पाहिजे. अ‍ॅक्शन (नळीच्या मागचा, काडतूस भरून बंद करणारा भाग) टायटॅनियमची, नळी कार्बनची आणि आखूड, काडतूस मात्र मॅग्नम, म्हणजे जास्त बारूदाचं, कारण डोंगरात गोळी लांबवर टाकावी लागते. धक्क्याची काळजी नको, नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावा. आणि वाचवलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे निव्वळ फायदा.

या मजकुरावर विश्वास ठेवून मी माझी पहिली रायफल बनवून घेतली होती. वजन २.४ किलो, काडतूस .३०० विंचेस्टर मॅग्नम. मैदानावर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवून ती छान मारायची. डोंगरात तीन तास चढून गेल्यावर, दगडांवर बसून, धपापत्या छातीने मी तिच्यातून गोळी झाडली तेव्हा ती जनावराच्या मागच्या पायात लागली. ते कड्याखालच्या घळीत उतरलं. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं. सापडलं दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून हे उत्तर लिहितो आहे. परवाना आणि हंगाम सांभाळून शिकारीला जाणारा माणूस जनावराला एक गोष्ट नक्की देणं लागतो, ती म्हणजे झटपट मरण. रायफलीचं वजन किती असावं हा प्रश्न तिथून सुरू होतो.

“वाचवलेला प्रत्येक ग्रॅम फायद्याचा”

वजनाला महत्त्व आहे, हे आधी मान्य करतो. पाठीवरच्या पिशवीतला अर्धा किलो कमरेवर पेलला जातो. रायफलीचा अर्धा किलो हातात किंवा एका खांद्यावर असतो, तो दिवसभर जाणवतो. पाच किलोंची रायफल घेऊन उभे चढ चढणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही.

पण ग्रॅम ग्रॅम सारखा नसतो. दस्त्यातून (नळी आणि अ‍ॅक्शन ज्यात बसते त्या, खांद्याला लागणाऱ्या भागातून) काढलेले तीनशे ग्रॅम आणि नळीच्या पुढच्या टोकातून काढलेले तीनशे ग्रॅम यांचा परिणाम अगदी वेगळा. पुढे थोडं वजन असलं की रायफल हातात स्थिरावते. ते नसलं की श्वासाबरोबर, नाडीच्या ठोक्याबरोबर स्कोपमधली नेमाची फुली, क्रॉसहेअर, जनावरावरून फिरत राहते. जड वस्तू हलवायला जोर लागतो, हलकी वस्तू नुसत्या थरथरीने हलते. दम लागलेल्या माणसाच्या हातात अतिहलकी रायफल म्हणूनच छळते.

एक बाब त्या मजकुरात कधीच नसते: चापाचं वजन. रायफल अडीच किलोंची आणि चाप ओढायला दोन किलोंचा जोर, असा मेळ असला तर बोट चाप ओढता ओढता अख्खी रायफलच बाजूला खेचतं. हलक्या रायफलीला चांगला, स्वच्छ तुटणारा चाप लागतो, साधारण सव्वा किलोच्या आसपासचा. त्याहून फार हलका करू नये. थंडीत हातमोजे घातलेल्या बोटाला काही कळत नाही.

“काडतूस मॅग्नमच हवं”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

धक्क्याचा हिशेब सरळ आहे. गोळी आणि बारूदवायू जितका संवेग घेऊन पुढे जातात, तितकाच रायफल मागे घेते. संवेग तोच ठेवून रायफलीचं वजन निम्मं केलं की धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. .३०८ विंचेस्टर या साध्या, मॅग्नम नसलेल्या काडतुसाची ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ८५० मीटर वेगाने जाते असं धरा. चार किलोंच्या रायफलीत धक्का सुमारे २० ज्यूल येतो, ३.२ किलोंच्या रायफलीत २५, अडीच किलोंच्या रायफलीत ३२. आता .३०० विंचेस्टर मॅग्नमची ११.७ ग्रॅमची गोळी घ्या. चार किलोंत सुमारे ३९ ज्यूल. अडीच किलोंत साठाच्या वर. रायफल सेकंदाला सात मीटर वेगाने खांद्यात घुसते. हे आकडे बारूदाच्या प्रमाणाप्रमाणे थोडे हलतील, चित्र बदलणार नाही.

साठ ज्यूलचा धक्का माणूस सहन करू शकतो. प्रश्न सहनशक्तीचा नाहीच. शरीर तो धक्का लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी चाप सुटण्याच्या क्षणभर आधी आपोआप आकसतं. डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, गोळी खाली किंवा बाजूला जाते. ही सवय लागायला वीस-पंचवीस गोळ्या पुरतात, मोडायला वर्ष जातं. त्यात स्कोप डोळ्याच्या जवळ बसवलेला असला आणि उताराकडे तोंड करून, अंग आखडून गोळी झाडली, तर स्कोपची कड भुवईवर येते. टाके घालावे लागलेले शिकारी मी पाहिले आहेत.

आणि हे सगळं कशासाठी? डोंगरातली पुष्कळशी जनावरं मोठी नसतात. आल्प्समधला शॅमॉय (बकरीसारखं डोंगरी जनावर) पन्नास किलोंच्या आतबाहेर. तिथले शिकारी १९०३च्या मानलिखर-शोनाउअर रायफलीतून ६.५ मिलिमीटरच्या गोळीने पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत आले. त्या कार्बाइनची नळी ४५ सेंटिमीटरची होती आणि काडतूस आजच्या मापाने मवाळ. रॉकी पर्वतात मेंढ्यांच्या शिकारीसाठी नावाजलेलं .२७० विंचेस्टर १९२५ सालचं, आणि तेही मॅग्नम नव्हे. ७ मिमी-०८ रेमिंग्टन १९८० सालचं, ६.५ क्रीडमोर २००७ सालचं. दोन्ही छोट्या अ‍ॅक्शनमध्ये बसतात आणि तीनशे मीटरपर्यंत या जनावरांसाठी पुरेशी ताकद राखून असतात.

“मॅग्नमची गोळी सपाट जाते” असं उत्तर येतं. दोनशे मीटरवर नेम जुळवलेल्या रायफलीत .३०८ आणि .३०० मॅग्नम यांचा तीनशे मीटरवरचा फरक काही सेंटिमीटरांचा असतो. अंतर मोजण्याचं यंत्र खिशात असताना तो फरक भरून काढणं अवघड नाही. शिवाय डोंगर स्वतःच मदत करतो. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर हवेची घनता खालच्या हवेच्या जेमतेम तीन चतुर्थांश असते, त्यामुळे गोळीचा वेग कमी मरतो. आणि तीस अंशांच्या चढावर किंवा उतारावर तीनशे मीटर दूर दिसणारं जनावर गोळीच्या घसरणीच्या हिशेबात २६० मीटरवरच असतं. डोंगरात चुकलेल्या गोळ्यांमागे बहुधा वारा असतो किंवा डळमळीत बैठक. यावर मॅग्नमचा उपयोग फार थोडा, आणि तिचा धक्का बैठक आणखी बिघडवतो.

“धक्का मझल ब्रेक घालवतो”

कमी करतो, हे खरं. चांगला ब्रेक धक्का तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्याने उतरवतो. पण वायू बाजूला आणि मागे फेकूनच तो हे करतो, आणि त्या वायूबरोबर आवाजही मागे येतो. क्षणिक आवाज १४० डेसिबलच्या वर गेला की कानाला कायमची इजा होऊ शकते. ब्रेक नसलेली शिकारी रायफलही ही मर्यादा ओलांडते. ब्रेक लावलेली आखूड नळीची मॅग्नम तर फारच पुढे जाते. मैदानावर सगळ्यांच्या कानांवर संरक्षण असतं. डोंगरात जनावर अचानक समोर येतं तेव्हा कितीजण कान झाकतात? आणि शेजारी पालथा पडून दुर्बिणीतून बघणारा वाटाड्या? त्याचं डोकं नेमकं त्या वायूच्या वाटेत असतं. एका हंगामात दहा पाहुणे नेणाऱ्या माणसाच्या कानांचं काय होत असेल याचा विचार तो मजकूर लिहिणाऱ्यांनी केलेला नाही. मवाळ काडतूस घेतलं तर ब्रेकची गरजच उरत नाही, नळीची लांबी आणि शंभरेक ग्रॅमही वाचतात.

“बारीक पोलादी नळी मारत नाही, म्हणून कार्बनची घ्या”

यात दोन चुका आहेत. पहिली, बारीक नळी जात्या वाईट नसते. नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्यामुळे १४ मिलिमीटरच्या नळीपेक्षा २२ मिलिमीटरची नळी सहापट ताठ भरते. बारीक नळी लवकर तापते आणि तापल्यावर गोळ्या सरकू लागतात, हेही खरं. पण डोंगरात नळी तापतेच कधी? तिथे एक गोळी, फार तर दोन, आणि तीही थंड नळीतून. नळी नीट बनवलेली असेल, तिच्यातले ताण नीट उतरवलेले असतील आणि अ‍ॅक्शन दस्त्यात चोख बेड केलेली (न हलता, नीट टेकून बसवलेली) असेल, तर बारीक नळी थंडपणी दरवेळी एकाच जागी मारते. अशा रायफलीकडून एवढंच हवं असतं.

दुसरी चूक वजनाची. कार्बन गुंडाळलेल्या नळीत आत पोलादाची पातळ नळी असते आणि बाहेरून कार्बन तंतू व रेझिन. जाड पोलादी नळीशी तुलना केली तर ती खूप हलकी असते. सर्वांत बारीक पोलादी नळीशी तुलना केली तर बहुधा जडच भरते. ज्यांना एका दमात दहा गोळ्या झाडायच्या आहेत त्यांनी ती जरूर घ्यावी. निव्वळ वजनासाठी घेणाऱ्याने आधी काटा बघावा.

नळी दस्त्याला कुठेही टेकू नये, हा नियमही डोळे झाकून पुढे सांगितला जातो. अमेरिकेत मेल्विन फोर्ब्स यांनी १९८०च्या दशकात अतिहलक्या रायफली बनवायला घेतल्या, तेव्हा त्यांनी केव्हलार आणि ग्रॅफाइटच्या ताठ दस्त्यात नळी पूर्ण लांबीभर टेकवून बसवली. त्या रायफली अचूकतेसाठीच ओळखल्या जातात. दस्ता ओलाव्याने फुगत नसेल आणि वाकत नसेल तर दोन्ही रीती चालतात. लाकडी दस्त्याच्या रायफलीत मात्र नळी मोकळीच ठेवावी.

“अ‍ॅक्शन टायटॅनियमची केली की निम्मं काम झालं”

टायटॅनियमची घनता पोलादाच्या जवळपास ५६ टक्के, ताठपणाही साधारण तेवढाच. अ‍ॅक्शनमध्ये दीडशे-दोनशे ग्रॅम वाचतात, बस. एवढे पैसे मोजून वाचवलेलं हे वजन नंतर लोक जाड नळकांड्याचा, मोठ्या काचेचा साडेसहाशे ग्रॅमचा स्कोप बसवून घालवतात. साध्या, कमी वर्धनाच्या, ३६ किंवा ४० मिलिमीटर काचेच्या स्कोपचं वजन सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम असतं. फक्त तो निवडला की टायटॅनियमपेक्षा जास्त वजन उतरतं, आणि तेही रायफलीच्या सर्वांत वरच्या भागातून, जिथे ते समतोल बिघडवत असतं. स्कोप धरणाऱ्या पोलादी कड्यांऐवजी अ‍ॅल्युमिनियमची घेतली की आणखी थोडं.

बोल्टला (काडतूस नळीत ढकलून बंद करणाऱ्या दांड्याला) खाचा पाडणं, त्याच्या मुठीला भोकं पाडणं यातून वीस-तीस ग्रॅम निघतात. हौस म्हणून ठीक आहे. पण चेंबरभोवतीचा (काडतूस बसतं त्या कोठीभोवतीचा) धातू, बोल्टचे लग (त्याला जागी अडकवणारे दात) किंवा अ‍ॅक्शनचा पुढचा कडा यांना वजनासाठी कुणालाही हात लावू देऊ नका. या काडतुसांचा दाब चारशे मेगापास्कलच्या वर जातो, तोही चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. हे काम परवानाधारक, जाणत्या गनस्मिथचंच. युरोपात ज्या देशांत सीआयपीचे (बंदुकांच्या चाचणीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे) नियम लागू आहेत तिथे नवी नळी किंवा चेंबर बसवल्यावर नेहमीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाचं काडतूस झाडून चाचणी होते. जिथे सक्ती नाही तिथेही अशी चाचणी मागून घ्यावी.

मग वजन किती?

पोलादी छोटी अ‍ॅक्शन ९०० ग्रॅम, ५६ सेंटिमीटरची बारीक नळी ९५०, कार्बन किंवा केव्हलारचा दस्ता ६००, चाप आणि खालची पट्टी २००, स्कोप ३५०, कडी ९०. बेरीज ३,०९० ग्रॅम. पट्टा आणि चार काडतुसं धरून ३.३ किलो. १९५२ साली आलेली विंचेस्टर मॉडेल ७० फेदरवेट स्कोपशिवायच तीन किलोंच्या आसपास होती, आणि त्या काळी तिला हलकी म्हणत. नळी आखूड करून हा आकडा आणखी खाली आणता येतो. पण दर अडीच सेंटिमीटरमागे सेकंदाला सहा ते नऊ मीटर वेग जातो आणि तोंडाचा भडका वाढतो. मी ५६ च्या खाली सहसा जात नाही.

“इतकी चांगली रायफल असली की नेम आपोआप बसतो”

हलकी रायफल सैल धरलेली चालत नाही. पुढचा दस्ता हातात घट्ट, पट्टा दंडाला ताणलेला, खाली पिशवीचा टेकू. नळी कधीच दगडावर टेकवायची नाही, गोळी वर जाते. नवी रायफल हातात आल्यावर मैदानावर एका बैठकीत वीस गोळ्या झाडून काही कळत नाही. रोज एकदा जिना चढून उतरा, दम लागू द्या, बसून दोनशे मीटरवर एकच गोळी झाडा आणि रायफल ठेवून द्या. कागद तोच ठेवा. दहा दिवसांनी त्यावर दहा छिद्रं असतील, सगळी थंड नळीतून आणि सगळी दम लागलेली. शॅमॉयची छाती जेवढी, म्हणजे पंधरा-वीस सेंटिमीटरच्या वर्तुळात ती दहाही मावली तर रायफल डोंगरावर न्या. दोन बाहेर गेली असतील तर हंगाम उघडायच्या आत अंतर कमी करा, नाहीतर काडतूस बदला.