'आधी पाणी बदलायला शिका' म्हणणाऱ्या दादांना

दादा, तुमची कमेंट परवाच वाचली, पण रागाच्या भरात काही टाइप करायला नको म्हणून दोन दिवस गप्प बसलो. अपिस्टो या टाकीत पाळायच्या छोट्या माशांचे नर काही कारण न कळता खंगून का मरतात यावर मी ब्लॉगवर एवढं लिहिलं आणि तुमची सुरुवातच "आधी पाणी बदलायला शिका, मग लेख लिहा" अशी. मुद्दा खोडा ना, ऐकून घेतो, पण हे 'शिका' काय? मी आठवीत होतो तेव्हा बाबांनी आंब्याच्या हंगामाच्या पैशातून पहिली टाकी आणून दिली, त्याला यंदा २२ वर्षं झाली.

एक मान्य. रॅम हा दुसरा छोटा मासा आणि अपिस्टो मी एकाच परिच्छेदात कोंबले. रॅम ओरिनोकोच्या खोऱ्यातला, व्हेनेझुएला-कोलंबियाकडचा, त्याला २८ अंशांच्या आसपास ऊब लागते, माझ्याकडच्या काकाटुओइडेस जातीच्या अपिस्टोला तेवढी लागत नाही. दुरुस्त करतो.

पण पाण्याचं म्हणाल तर आमची देवगडची विहीर जांभ्यातली, पाणी मऊ, क्लोरीनचा प्रश्नच नाही. दर रविवारी चौथा हिस्सा बदलतो, गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं तेव्हासुद्धा चुकलेलं नाही. टाकीत बदामाची सुकी पानं, गुहेला नारळाची करवंटी. माशांना घातक नायट्राइट शून्य, नायट्रेट १० पीपीएमच्या आत, किटने मोजलेलं, अंदाजपंचे नाही. आणि त्याच पाण्यात मादी ठणठणीत, मग पाणी वाईट होतं तर ती कशी जगली हे सांगा ना! सोमवारी नर पाठीवरचा तुरा उभारून काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत होता. बुधवारी बघतो तर स्पंज फिल्टरच्या मागे, पंख मिटलेले, रंग उडालेला, ब्लडवर्म (खाऊ म्हणून द्यायच्या लाल अळ्या) टाकला की तोंडात घ्यायचा आणि थुंकून टाकायचा, मागे पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबतेय. शनिवारी सकाळी गेला. असं माझ्याकडे तीनदा झालंय, तिन्ही वेळा नरच. त्या सकाळी तो हातावर घेतला तेव्हा काय वाटलं ते तुमच्या एका ओळीत मावणारं नाही.

बाकी क्वारंटाइन, पोटातले जंतू, मेट्रोनिडाझोलचं औषध वगैरे जे लिहिलंत ते सगळं मी केलेलं आहे, त्यात नवीन काही नाही. मादी अंड्यांवर बसली की पिवळीधम्मक होते आणि नराला हाणते, २ फुटी टाकीत त्याला पळायला जागा उरत नाही, असंही तुमचं म्हणणं. करवंटीत अंडी होती खरी, पण अंगावर जखम एक नव्हती, आणि लेखाचा विषय तो नव्हताच.

तुमच्याकडे नर गेले असतील तर कधी, टाकी केवढी, मादीचं काय झालं, सगळं लिहा, मी एकेक ओळ वाचेन. फक्त 'शिका' हा शब्द माझ्या ब्लॉगवर पुन्हा नको.