सात नंबरचा खांब

विमानतळावर माणूस आणायला जाणं हे घरी बसून बघितलं तर दोन ओळींचं गणित असतं. विमान सव्वानऊला उतरणार, आपण साडेनऊला दारात. मी हे गणित दर वेळी मांडतो आणि दर वेळी नापास होतो, कारण त्यात शिट्टी धरलेली नसते.

या खेपेला आत्या येणार होती. "मी टॅक्सीने येईन रे, तू धावपळ करू नकोस," असं ती फोनवर तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हाच मी समजलो, की जायला हवं.

गाडी रीतसर पार्किंगमध्ये लावून आत जावं, हा सभ्य मार्ग. पण पाच मिनिटांच्या कामाला पार्किंग कशाला, असं म्हणणाऱ्यांपैकी मी एक. बऱ्याच मोठ्या विमानतळांवर आमच्यासारख्यांसाठी जरा लांब एक वेगळा तळ असतो. फोन येईपर्यंत गाडीतच बसून राहायचं, गाडी सोडून जायचं नाही. तिथे जाऊन बसलो. शेजारच्या प्रत्येक गाडीत मोबाइलच्या उजेडात एकेक चेहरा निळा पडलेला. दहावीच्या निकालालासुद्धा इतकी शांतता नसते. नऊ वीसला मेसेज आला : 'उतरले.'

या शब्दाने आजवर जितकं पेट्रोल जाळलं असेल तितकं कशानेच नसेल. चाकं टेकली की माणूस फोन चालू करून 'उतरले' लिहितो. तेव्हा विमान अजून गेटाकडे रांगत असतं. मग डोक्यावरचे कप्पे उघडून मान वाकडी करून ताटकळणं, मग लांबच लांब बोळ, परदेशातून आलं असेल तर पासपोर्टची रांग, मग तो पट्टा, ज्यावर आपली सोडून सगळ्यांची बॅग येते. 'उतरले' आणि 'दारात आले' यांच्यामध्ये अर्धा-पाऊण तास सहज जातो. हे मला पाठ आहे. तरी मेसेज वाचला आणि हात किल्लीकडे गेला.

दारासमोर गाडी जेमतेम थांबली, तोच शिट्टी. चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला एक गृहस्थ माझ्या बॉनेटवर थाप मारून पुढे बोट दाखवत होता.

"आल्याच आहेत हो, त्या बघा, दारात."

"कुठल्या?"

मी निळ्या साडीतल्या एका अनोळखी बाईंकडे बोट दाखवलं. त्या बाई माझ्या पुढच्या गाडीत बसल्या आणि निघून गेल्या. गृहस्थाने माझ्याकडे पाहिलं. पुढे काही बोलणं झालं नाही.

पहिला फेरा. दुसऱ्या फेऱ्यात चुकून डावीकडची लेन धरली आणि वर, निघणाऱ्या प्रवाशांच्या मजल्यावर पोचलो. तिथेही शिट्टी होतीच, फक्त वरच्या पट्टीतली. तिसऱ्या फेऱ्याला वाटेतलं गवतसुद्धा ओळखीचं वाटायला लागलं. माझ्या पुढे एक पांढरी गाडी पहिल्यापासून होती. चौथ्या वेळी वळणावर तिच्या चालकाने मला हात केला. मीही केला. एवढ्या ओळखीवर लग्नं जमतात.

गोल फिरताना विचारांना भरपूर वेळ मिळतो, आणि पाचव्या फेऱ्याच्या सुमारास मी, नाइलाजाने का होईना, त्या शिट्टीच्या बाजूने विचार करायला लागलो. समजा, दारासमोर वीस गाड्यांपुरती जागा आहे. प्रत्येकीने दोन मिनिटं घेतली तर तासाला सहाशे गाड्या निघतात. प्रत्येकीने पाच घेतली तर फक्त दोनशे चाळीस. आणि 'आल्याच आहेत, दारात' म्हणणारा प्रत्येक जण पाचाच्या खाली येत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. रस्ता वाढवूनही भागत नाही. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर १९८४च्या ऑलिंपिकसाठी टर्मिनलांपुढच्या रस्त्यावर दुसरा मजला चढवला. तरी २०१९ साली टॅक्सी आणि ॲपवाल्या गाड्यांना प्रवासी घ्यायला दारातून हलवून शेजारच्या एका तळावर पाठवावं लागलं. शिवाय २००७ साली ग्लासगोच्या टर्मिनलच्या दारावर गॅसचे सिलिंडर भरलेली जीप घातली गेली होती. नुसती उभी असलेली गाडी तेव्हापासून कुणाला निरुपद्रवी वाटत नाही. माझीसुद्धा. त्या माणसाच्या जागी मी असतो, तर बॉनेटवर थाप नसती मारली, लाथ मारली असती.

तेवढ्यात आत्याचा फोन आला. "बाहेर आले रे. कुठे उभी राहू?"

"खांबांवर नंबर आहेत बघ. सात नंबरच्या खांबापाशी थांब. हलू नकोस."

"बरं बरं," आत्या म्हणाली.

सातव्या खांबापाशी आत्या नव्हती. शिट्टी होती. सहावा फेरा. फोन केला तर ती धापा टाकत म्हणाली, "अरे, चालतेच आहे मी. आत्ता कुठे एकवीस आला."

"एकवीस? आत्या, सात सांगितलं होतं!"

"हो ना रे, साठच शोधतेय. भलतंच लांब ठेवलंय यांनी."

खांब एकंदर चोविसावर संपत होते.

सातव्या फेऱ्याला ती दिसली. चोविसाव्या खांबाच्या पलीकडे, ट्रॉली धरून, अजून पुढे जायच्या बेतात. गाडी आडवी घातली, उडी मारून डिकी उघडली, तोवर जाकीटवाले गृहस्थ धावत आले. शिट्टी आता सलग वाजत होती. आत्या शांतपणे पर्समध्ये चष्म्याची डबी ठेवत होती. मग तिने माझी विचारपूस केली. मग काकांची. मग माझं वजन कमी झालंय का, ते विचारलं. गृहस्थ तिच्यापासून दोन हातांवर उभे राहून जीव तोडून फुंकत होते.

"काय म्हणतोय रे तो?" आत्याने मला विचारलं.

"लवकर बसा म्हणतोय!" मी ओरडलो.

"हो ना," आत्या दोन्ही कानांवर हात ठेवून त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बसलाय खरा. विमान खाली यायला लागल्यापासून दडा बसलाय."