प्रभू पापी लोकांच्या पंगतीला बसला, मग आम्ही का नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सलाम.

‘विश्वासणाऱ्याने लग्न आणि भागीदारी जपून करावी’ या, ख्रिस्ती नसलेल्यांशी अशी नाती जोडताना सांभाळा असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंत. तुमचं म्हणणं असं: प्रभू येशू जकातदार आणि पापी लोकांबरोबर जेवला, मग आम्हीच सोवळ्यात का राहायचं? तुमची धंद्यातली भागीदार ख्रिस्ती नाही, पण मंडळीतल्या कित्येकांपेक्षा व्यवहाराला चोख आहे. आणि असलं वाचून कुणी संसार मोडला तर जबाबदार कोण?

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे आपला वाद नाहीच. विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये, हे प्रेषित पौलाने बायबलमधल्या १ करिंथ ७ मध्ये स्पष्ट लिहिलंय. पौलाचा सहकारी तीमथ्य याचे वडील हेल्लेणी, म्हणजे ग्रीक होते. त्याची आई युनीके आणि आजी लोईस यांचा विश्वास त्याच्यात उतरला. माझा लेख लग्न ठरवणाऱ्यांसाठी होता.

पंगतीचंही मान्य. पण जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी प्रभू गेला आणि बदलला तो जक्कय. यहूदाचा राजा यहोशाफाट याचं उलटं झालं. माणूस वाईट नव्हता. यहूदाच्या नगरोनगरी नियमशास्त्र शिकवायला त्याने माणसं पाठवली होती. पण त्याने शेजारच्या इस्राएलाचा बआलपूजक राजा अहाब याच्याशी सोयरीक केली (२ इतिहास १८). पुढे अहाबाच्या राजधानीत, शोमरोनात, पाहुणा म्हणून गेला, तेव्हा अहाबाने मेंढरं-बैल कापून बडदास्त ठेवली आणि विषय काढला: रामोथ-गिलादावर चालून जाऊ या. यहोशाफाट म्हणाला, माझे लोक ते तुझेच लोक. आणि त्यानंतर म्हणाला, परमेश्वराला विचारू या. हा क्रम मला फार ओळखीचा वाटतो. आधी शब्द देऊन मोकळं व्हायचं, मग प्रार्थनेला बसायचं. अहाबाचे ४०० संदेष्टे ‘जा’ म्हणाले. एकटा मीखाया खरं बोलला, त्याला कैदेत टाकलं. यहोशाफाटाने हे समोर बसून ऐकलं आणि तरीही लढाईला गेला. व्याह्याला नाही कसं म्हणायचं! बआल या परक्या दैवताला नमन कर, असं त्याला कुणी सांगितल्याचं या प्रसंगात कुठेच नाही. तशी गरजच पडली नाही. त्याच सोयरिकीतून सून म्हणून घरात आलेल्या अहाबाच्या मुलीने, अथल्येने, पुढे राजवंश कापून काढला. वाचला तो लपवून ठेवलेला राजपुत्र योवाश, जो पुढे राजा झाला.

तुमच्या भागीदाराबद्दल म्हणाल तर, प्रामाणिकपणाचा मक्ता ख्रिस्ती लोकांना कुणी दिलेला नाही. किंबहुना मंडळीतली संगतही बिघडवू शकते. हाच योवाश, याजक यहोयादा जिवंत होता तोवर नीट वागला. तो गेल्यावर यहूदाचे सरदार लवून मुजरा करत आले, राजाने त्यांचं ऐकलं, आणि शेवट झाला तो यहोयादाच्या मुलाला मंदिराच्या अंगणात दगडमार करण्यात. ते सरदार काही परके नव्हते. अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या बांधवांच्या पंगतीतून उठला तोही आपल्याच यहूदी लोकांच्या धाकाने, आणि पौलाचा सहकारी बर्णबाही त्याच्यामागे वाहवला.

मग भागीदारीला मी मैत्रीच्या नव्हे, लग्नाच्या रांगेत का बसवतो? मैत्रिणीने चुकीचा व्यवहार केला तर तुम्ही बाजूला होऊ शकता. भागीदाराने धंद्याच्या नावाने केलेला व्यवहार तुम्हालाही बांधतो, कर्जासकट. म्हणून ती किती चोख आहे, हे मी विचारत नाही. उद्या हिशेबात काही लपवायची वेळ आली आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तर ते ‘नाही’ चालेल का? वेगळं व्हायचं झालं तर कसं, हे कागदावर आहे का? हे बोलणं आधीच झालं असेल तर तुमच्या भागीदारीला माझी हरकत नाही. झालं नसेल तर पुढच्या कर्जावर सही करण्याआधी करून घ्या, आणि शक्य झालं तर ती काय म्हणाली तेही इथे कळवा.