परवानगी मिळाली म्हणजे सगळं तपासलं, असं नसतं

आमच्या चंद्रपूरच्या तीन-चार ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा, की कोळसा खाणींना विरोध करणारे उगाच ओरडतात, सरकार आधी पर्यावरणाचा पूर्ण अभ्यास करतं, गावकऱ्यांची जनसुनावणी घेतं, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवीन जंगल लावून घेतं, खाण संपली की जमीन पूर्ववत करून देतं, आणि एवढं करूनही खाण नको असेल तर घरातली लाईट बंद करून बसा. चांगली शिकलेली माणसं हा मेसेज पुढे ढकलतायत म्हणून लिहायला बसलो.

"सरकार अभ्यास करतं." नाही करत. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण आघात अहवाल (खाणीने काय काय नुकसान होईल त्याचा अभ्यास) तयार करतो कन्सल्टंट, आणि त्याला नेमते आणि पैसे देते ती खाण काढणारी कंपनीच. सरकारी तज्ज्ञ समिती तो अहवाल टेबलावर बसून तपासते. पण माझ्या मते खरा घोळ त्याच्याही आधी होतो. कोळशाचा ब्लॉक, म्हणजे खाणीसाठी आखलेला पट्टा, आधी वाटला जातो किंवा लिलावात विकला जातो, पैसे भरले जातात, कुठल्या वीज केंद्राला कोळसा जाणार ते ठरतं, आणि मग अभ्यास सुरू होतो. एवढं सगळं झाल्यावर "इथे खाण नकोच" असं कोण लिहिणार? उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे, ताडोबाजवळचा बंदर ब्लॉक. २०२० च्या लिलावाच्या यादीत तो होता, लोकांनी आणि वन्यजीव अभ्यासकांनी विरोध केला आणि तो यादीतून निघाला. लिलाव व्हायच्या आधी बोलले म्हणून निघाला. म्हणजे ज्यांना हा मेसेज नावं ठेवतोय त्यांच्याच ओरडण्याने ते जंगल तेव्हा वाचलं.

"जनसुनावणी घेतात." घेतात, पण तिथे मतदान नसतं, संमतीही विचारत नाहीत, लोकांचं म्हणणं फक्त नोंदवून वर पाठवतात. कोरमसुद्धा, म्हणजे किमान इतके लोक हजर हवेत अशी अटही नाही. मी स्वतः एका सुनावणीला गेलोय, जाडजूड रिपोर्ट इंग्रजीत आणि मराठीत पातळसा सारांश, मागच्या रांगेतल्या बायाबापड्या पूर्ण वेळ एकच विचारत होत्या की आमच्या विहिरीचं काय होणार, आणि त्याचं सरळ उत्तर शेवटपर्यंत आलं नाही.

आणि हे फक्त एका गावाचं रडगाणं आहे असं वाटत असेल तर छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातल्या गारे पेलमा सेक्टर २ चं बघा. तमनार भागातली ही खाण आपल्या महाजेनकोला, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीला मिळालेली आहे, चंद्रपूर, कोराडी, परळीच्या वीज केंद्रांतल्या युनिट्ससाठी, म्हणजे कोळसा आपल्या विजेचा आणि गावं जाणार आदिवासींची. सप्टेंबर २०१९ मध्ये जनसुनावणी झाली, जुलै २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. लोक राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयाकडे गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये लवादाने ती मंजुरी रद्द केली, कारण सुनावणीच नीट झाली नव्हती. मग काय झालं? ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा मंजुरी, नव्याने सुनावणी न घेता. आणि जून २०२५ मध्ये तिथे झाडं पडायला लागली. खाण सरकारी कंपनीची, सुनावणी घेणारं प्रदूषण मंडळ सरकारी, अध्यक्षस्थानी जिल्हा प्रशासन, मंजुरी देणारं मंत्रालयही सरकारचंच. कुंपणच शेत खायला लागलं तर राखायचं कोणी?

त्यात जी काही सुनावणी आहे तीही कमी होत चाललीय. मे २०२२ पासून चालू कोळसा खाणींना ५० टक्क्यांपर्यंत विस्तार नवीन सुनावणीशिवाय करता येतो, आधी ही मर्यादा ४० टक्के होती.

"बदल्यात जंगल लावतात." सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगचा २०१३ चा अहवाल वाचा. २००६ ते २०१२ या काळात पर्यायी वनीकरणासाठी सुमारे १ लाख ३ हजार हेक्टर बिगर-वन जमीन मिळायला हवी होती, मिळाली २७ टक्के, आणि अशा बिगर-वन जमिनीवर प्रत्यक्ष वनीकरण झालं फक्त ७,२८० हेक्टरवर. आणि समजा सगळी रोपं लावली, जगली, तरी मोह, तेंदू, साजाचं जुनं जंगल रांगेत लावलेल्या रोपांनी भरून निघत नाही, हे इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा.

"जमीन पूर्ववत करतात." आपल्याच जिल्ह्यातल्या घुग्घुसला जाऊन या. २६ ऑगस्ट २०२२ ला आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातले लोक वेळेत बाहेर पडले म्हणून वाचले, आजूबाजूच्या कुटुंबांना हलवावं लागलं. पूर्ववत केलेल्या जमिनीत घर जात नाही.

राहिली लाईट. कोळसा आज एका दिवसात बंद करा असं मी म्हणत नाहीये, देशातली बहुतेक वीज अजून त्याच्यावरच बनते. पण वीज पाहिजे म्हणजे कुठलाही ब्लॉक, कशाही पद्धतीने, हे कुठून आलं? आणि नियम असले तरी ते पाळून घेतात का तेही बघा. औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साईडवर डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा आली, दोन वर्षांची मुदत होती, ती पुन्हा पुन्हा वाढवली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या साधारण ७८ टक्के युनिट्सना धूर धुण्याची यंत्रणा बसवण्यातून सूटच दिली. इथे चंद्रपुरात २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत चंद्रपूर देशात चौथं होतं. लाईट बंद करा म्हणणाऱ्यांनी दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला यावं, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून हात फिरवावा, आणि मग तो मेसेज पुढे पाठवायचा की नाही ते ठरवावं.