‘तुमचे डॉलर संस्थांच्या घशात’ म्हणे!

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर दर थोड्या दिवसांनी फिरून येतो. सार असं: क्लास अ‍ॅक्शन म्हणजे अनेकांच्या वतीने एकत्र लढलेल्या खटल्यात कंपनी तडजोडीचे लाखो डॉलर भरते, पण उरलेली रक्कम वकील आणि न्यायाधीश संगनमताने ‘गरिबांना कायदेशीर मदत’ करणाऱ्या संस्थांना वाटतात. ही चोरी आहे. पैसे ग्राहकांना द्या, नाहीतर कंपनीला परत करा.

यात एक दाणा खरा आहे. त्याकडे शेवटी येतो, आधी फोलपटं पाखडू.

‘आमचे पैसे दुसऱ्याला दिले.’ मुळात पैसे उरतात कसे? माझ्या टेबलाच्या खणात अशाच एका तडजोडीचा चेक पडून आहे, ४ डॉलर १९ सेंटचा. आकाराने पोस्टकार्डाएवढा, जाहिरात समजून फेकून द्यावा असा. वटवायची मुदत ९० दिवस होती, ती कधीच उलटली. माझ्यासारखे आळशी, घर बदललेले आणि पत्ताच न सापडलेले, अशा सगळ्यांच्या चेकांची मिळून ही शिल्लक साठते. अर्ज मागवणाऱ्या तडजोडी फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने तपासल्या, त्या २०१९ च्या अहवालात अर्ज करणाऱ्यांचं मध्यक प्रमाण फक्त ९ टक्के निघालं.

‘मग ज्यांनी अर्ज केले त्यांनाच पुन्हा वाटा.’ बरोबर, आणि अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या कायदेतज्ज्ञांच्या संस्थेची २०१० ची तत्त्वंही हेच सांगतात. आधी पुन्हा वाटप. ते परवडत नसेल तरच खटल्यातल्या लोकांच्या हिताला जवळच्या कामाला रक्कम द्यायची. याला ‘सी-प्रे’ म्हणतात. शब्द जुन्या फ्रेंचमधला, अर्थ ‘शक्य तितकं जवळ’.

‘कंपनीला परत करा.’ म्हणजे लोकांनी जितके कमी चेक वटवावेत तितका कंपनीचा फायदा! मग नोटीस ठळक छापायला कोण जाईल? आपल्या भारतातल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही, नुकसान झालेले ग्राहक सहज ओळखता येत नसतील तर विकलेल्या मालाच्या किमतीच्या किमान २५ टक्के रक्कम भरायला लावायची तरतूद आहे. ग्राहक सापडत नाही म्हणून विक्रेता सुटत नाही.

‘पण कायदेशीर मदतच का?’ हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा घटनात्मक हक्क १९६३ च्या गिडियन निकालाने दिला, तो फौजदारी खटल्यांत. भाडेकरूला घराबाहेर काढायचा दावा दिवाणी असतो. तिथे घरमालकाकडून वकील उभा राहतो आणि समोर बहुतेक वेळा कामावरून अर्धी रजा काढून आलेली, हातात नोटीस धरलेली बाई एकटीच असते. कमी उत्पन्नाच्या लोकांच्या गंभीर दिवाणी अडचणींपैकी ९२ टक्क्यांत पुरेशी मदत मिळत नाही किंवा अजिबातच मिळत नाही, असं कायदेशीर मदत संस्थांना सरकारी पैसा पुरवणाऱ्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनचा २०२२ चा अहवाल सांगतो. आता बघा, ४ डॉलरसाठी कोणी वकील लावत नाही म्हणून तर क्लास अ‍ॅक्शन जन्माला आली. वकील परवडत नाही हेच दोन्हीकडचं दुखणं. (गंमत म्हणजे, याच कॉर्पोरेशनच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांना क्लास अ‍ॅक्शन लढायला संसदेने १९९६ पासून बंदी घातलेली आहे.)

शिवाय ही न्यायाधीशांची लहर नाही. पेनसिल्व्हेनियाच्या २०१२ च्या नियमानुसार शिल्लक रकमेतला किमान निम्मा वाटा कायदेशीर मदतीच्या निधीत जातो. इलिनॉयच्या कायद्यातही निम्म्याचीच तरतूद आहे. कॅलिफोर्नियाचा दिवाणी प्रक्रिया कायदा गरिबांना दिवाणी मदत देणाऱ्या संस्थांचा स्पष्ट उल्लेख करतो.

आता तो खरा दाणा. एओएल या इंटरनेट कंपनीवरच्या खटल्यात ६.६ कोटी लोक होते, वाट्याला जेमतेम ३ सेंट. म्हणून देणग्या ठरल्या, त्यातली एक लॉस एंजेलिसच्या कायदेशीर मदत संस्थेला, जिच्या मंडळावर न्यायाधीशबाईंचे यजमान होते! वरच्या कोर्टाने २०११ मध्ये ही तडजोड फेटाळली, पण कारण नातं नव्हतं. लोक देशभरचे असताना देणग्या मुख्यत्वे लॉस एंजेलिसच्या संस्थांना, आणि खटल्याच्या विषयाशी त्यांचा संबंध नाही, हे कारण. म्हणजे मदत संस्था आहे एवढ्यावर कोर्ट मान डोलावत नाही. गूगलवरच्या एका खटल्यात तर ८५ लाख डॉलरच्या तडजोडीतून ग्राहकांना छदामही मिळणार नव्हता. वकिलांची फी आणि खर्च वजा जाता सगळं संस्थांना. प्रकरण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून खाली परत गेलं आणि पुढे २.३ कोटी डॉलरची नवी तडजोड झाली, ती ग्राहकांना वाटण्यासाठी. पंगत उठल्यावर उरलेलं अन्न वाटणं वेगळं आणि पंगत बसू न देताच पातेलं उचलून नेणं वेगळं. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींना एकच नाव दिलंय.

आणि वकिलांची फी? तिसऱ्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टासमोर २०१३ मध्ये लहान मुलांच्या सामानाच्या खटल्याची तडजोड आली. ३.५५ कोटी डॉलरपैकी ग्राहकांच्या हाती सुमारे ३० लाख, वकिलांना १ कोटीच्या वर. कोर्टाने ती रद्द केली. फी ठरवताना लोकांच्या हातात प्रत्यक्ष किती पडलं हे पाहायला हवं, या मागणीसाठी मेसेज फिरला तर मीही फॉरवर्ड करीन.